मिसेस पॉटल यांच्या बदकांविषयी अखेरचं मत

टेंपल, लंडन
मंगळवार, १६ ऑगस्ट १८८१

तीर्थस्वरूप टॅबिथाताईच्या सेवेशी,

धाकटा भाऊ थिओडोर याचा आधी तुझ्या डाव्या गुडघ्याला आणि मग उजव्याला नमस्कार. (डावा थोरला, म्हणजे आधी दुखायला लागलेला, म्हणून त्याचा मान पहिला.) तुझा खोकला उतरला असेल अशी आशा आहे. मांजराच्या तब्येतीबद्दल तू मागच्या पत्रात दोन पानं लिहिली होतीस आणि स्वतःच्या तब्येतीबद्दल अर्धी ओळ, तेव्हा मांजर ठीक आहे हे मी धरून चालतो. पाद्रीबाबांचं प्रवचन अजून पाऊण तासच चालतं की आता त्यांनी पूर्ण तास घेतला? माझं म्हणशील तर प्रकृती उत्तम. तू विणून पाठवलेली लोकरीची छातीबंदं आता अकरा झाली आहेत आणि ती एकावर एक घातली तर मला बंदुकीची गोळीसुद्धा लागणार नाही. माझी छाती मुळात कधीच नाजूक नव्हती, पण त्याची हकीकत पुढे येईल.

ताई, या पत्रात मला तुला एक विचारायचं आहे. पहिल्यांदा वाटलं होतं की ते शेवटी विचारावं, आधी इकडचंतिकडचं बोलून तुला जरा नरम करावं. पण मग शेवटपर्यंत मीच धीर सोडेन, म्हणून इथेच विचारून टाकतो. वकिली सोडून, चेंबरला कुलूप घालून, मी मॅपलहॅमला तुझ्याकडे कायमचा राहायला आलो तर चालेल का? मागची खोली मिळेल की नाही असं मी विचारत नाही. खोली तू देशील, कुणी अनोळखी भटका आला तरी देशील. मला विचारायचंय ते वेगळंच. चर्चच्या दारात, कसायाच्या दुकानात, पियानोच्या शिकवणीला, गेली सव्वीस वर्षं तू जे एक वाक्य बोलत आलीस, "माझा भाऊ लंडनला बॅरिस्टर आहे", ते वाक्य मी तुझ्याकडून काढून घेतलं आणि त्याच्या जागी टक्कल पडलेला, एकावन्न वर्षांचा, चहात साखर जास्त घालणारा एक भाऊ आणून ठेवला, तर तुला तो पुरेल का? (हे वाक्य खोडणार होतो, पण शाई वाळली.)

निर्णय देण्याआधी तुला सगळा पुरावा मिळायला हवा. तेव्हा आता मी माझ्याच विरुद्ध साक्ष देतो. तुला ठाऊकच आहे, आमच्यात माणूस परीक्षेने कमी आणि जेवणाने जास्त बॅरिस्टर होतो. तीन वर्षांत बहात्तर वेळा त्या मोठ्या दालनात बसून चौघांनी मिळून एक मटणाचा तुकडा आणि एक बाटली संपवायची, की झाला माणूस कायदेपंडित. ते मटण मी निष्ठेने खाल्लं. आपली आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि तू एकवीस, आणि त्यानंतर मी जे जे खाल्लं ते तुझ्या हातचं किंवा तुझ्या कष्टाचं. त्या बहात्तर जेवणांसाठी तू ओले बूट घालून सात घरी पियानो शिकवत हिंडलीस. मी दर जेवणाला मनात म्हणत असे, हा घास म्हणजे गिरणीवाल्याच्या मुलीची सुरावट, आणि ती मुलगी कशी वाजवते हे ऐकलेलं असल्यामुळे घास घशाखाली उतरत नसे.

झगा मिळाला, विग मिळाला, आणि इथून पुढे तुला लिहिलेल्या पत्रांतून माझी जी कारकीर्द सुरू झाली ती फार उज्ज्वल होती. चेंबरमधली मात्र तशी नव्हती. १८६३ साली मी तुला लिहिलं की काल न्यायमूर्तींबरोबर जेवलो. जेवलो हे खरं. ते दालनाच्या त्या टोकाला चौथऱ्यावर आणि मी या टोकाला दारापाशी, मधे दोनशे माणसं. त्यांनी जेवायला सुरुवात केली तेव्हाच मीही केली, एवढाच आमचा संबंध. १८७०च्या पत्रात "कामाच्या ओझ्याखाली वाकलो आहे" असं आहे, ते पुस्तकांचं कपाट माझ्या पाठीवर पडलं होतं त्याबद्दल आहे. आमचा कारकून गॅडसन चार बॅरिस्टरांचं काम पाहतो. म्हणजे तिघांचं काम पाहतो आणि माझ्याकडे पाहून सुस्कारा सोडतो. कुणी जिना चढून आलं की तो माझ्या दारापाशी मोठ्याने म्हणायचा, "विमबुशसाहेब सल्लामसलतीत आहेत." आलेला माणूस पलीकडच्या साहेबांकडे निघून जायचा आणि मी आत पेन्सिलींना टोकं करत बसायचो. तीन वर्षांनी मी त्याला म्हटलं, गॅडसन, एकदा तरी मी मोकळा आहे असं सांगून बघ. तो म्हणाला, "सांगून पाहिलंय साहेब. त्यावर माणसं जास्त लवकर जातात."

आमच्या धंद्यात विग जितका जुना, पिवळा, मळका, तितका माणूस पोचलेला. कोर्टाच्या धुळीत आणि घामात तो पिवळा होत जातो. माझा सव्वीस वर्षं पत्र्याच्या डब्यात राहिला, त्यामुळे आजही ताज्या दह्यासारखा पांढरा आहे. पहारेकरी मला दर वर्षी नवा समजून खुर्ची दाखवतात. मी तो एकदा चहात बुडवून पाहिला आणि एकदा घरमालकिणीच्या धुराड्यात टांगून पाहिला. तिने त्याच धुराड्यात हेरिंग मासे टांगले होते हे मला ठाऊक नव्हतं. पुढचा महिनाभर मी ज्या ज्या बाकावर बसलो तो बाक माझ्या एकट्याचा झाला. मग धुवून टाकला, तर पूर्वीपेक्षा पांढरा.

आता तू म्हणशील (म्हणजे म्हणणार नाहीस, आणि का म्हणणार नाहीस तेही मला आता कळलंय) की थिओ, एकही काम नव्हतं तर तू टिकलास कसा? एक काम होतं. एकच. एकोणीस वर्षांपूर्वी, सप्टेंबरच्या अखेरीला, आपल्याच बाजूच्या गावचे ॲटर्नी मि. हॅलोवेल यांच्याकडून लाल फितीत बांधलेले कागद आले. कुणी एक विधवा मिसेस पॉटल. तिच्या परसामागे एक तळं. तळ्याचा अर्धा काठ तिचा, अर्धा शेजारच्या कॅप्टन स्ट्रूडचा. तिची बदकं पोहत पोहत कॅप्टनच्या काठाला लागतात आणि तिथे अंडी घालतात. अंडी कुणाची, यावर माझं लेखी मत हवं होतं. ताई, मी तीन आठवडे झोपलो नाही. ग्रंथालयातली चौदाव्या शतकापासूनची पक्षीविषयक पुस्तकं काढून घेतली. बावीस पानांचं मत लिहिलं. गॅडसन ते टपालात टाकायला घेऊन गेला तेव्हा लेक सासरी चालल्यासारखं मला वाटलं.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत पुन्हा कागद. आता कॅप्टनचा नर मिसेस पॉटलच्या माद्यांच्या मागे लागला होता, पिल्लं कुणाची? पुढच्या वर्षी दुष्काळ पडून तळं अर्धं आटलं, हद्द सरकली का? त्याच्या पुढच्या वर्षी पूर. मग एक राजहंस येऊन राहिला आणि त्या वर्षी मी अठ्ठेचाळीस पानं लिहिली. बाकीचं वर्ष मी कसं काढायचो ते विचारू नकोस, पण उन्हाळा संपत आला की माझं अंग हलकं व्हायचं. यंदा काय झालं असेल बरं मिसेस पॉटलकडे? ती बाई मी कधी पाहिली नाही, पण तिच्याबद्दल मला फार आदर वाटत आला. एकोणीस वर्षं भांडली, पण एकदाही चिडून अर्ज केला नाही, एकदाही शेजाऱ्याला वाईट शब्द वापरला नाही.

पाहिली नाही, कारण पाहायची सोय नाही. बॅरिस्टरने अशिलाला परस्पर भेटायचं नाही, हा आमचा पहिला धर्म. मधे ॲटर्नी हवा, कागद आणि फी त्याच्याच हातून यायची. अशील समोरून आला तर रस्ता बदलायचा, घरी आला तर घरी नाही म्हणून सांगायचं. हॅलोवेलनी पाठवलेल्या नकाशात नावंही नव्हती, एक घर अ, एक घर ब, मधे तळं. पण ते मॅपलहॅमच्या आसपासचं आहे हे चर्चच्या खुणेवरून मला कळत होतं, आणि तिथेच माझी पंचाईत होती. दर नाताळात मी दोन दिवस तुझ्याकडे येतो. गावात फिरायला गेलो आणि एखाद्या कुंपणापाशी बदकं घेऊन मिसेस पॉटल उभी असली तर? माझा धर्म बुडाला. म्हणून मी स्टेशनवरून बंद गाडीत बसून तुझ्या पुढच्या दाराशी उतरायचो आणि दोन दिवस चुलीपुढून हलायचो नाही. छाती नाजूक आहे म्हणून सांगायचो. तू लोकर घ्यायचीस आणि विणायला बसायचीस. खिडकीबाहेर डोकावतानासुद्धा मी डोळे मिटून डोकावायचो. एकोणीस नाताळ, ताई. मॅपलहॅमचं मागचं अंगण मी शेवटचं पाहिलं ते डोक्यावर केस होते तेव्हा.

आता या जूनमधली गोष्ट. ती मी तुला थोडक्यात कळवली होती, पण थोडक्यात सांगण्यासारखी ती नाही. आमच्याकडे अशी रीत आहे की गरीब कैद्याला वकील नसेल, तर त्याने आरोपीच्या पिंजऱ्यातून खाली बसलेल्या झगेवाल्यांपैकी कुणाकडेही बोट दाखवावं, आणि ज्याच्याकडे बोट जाईल त्याने उठायचं. वरून त्याला दिसतात ती फक्त डोकी. मी सेशन्स कोर्टात बसलो होतो (पावसामुळे आत शिरलो होतो, खोटं कशाला सांगू). पिंजऱ्यात मिसेस नॉब्स नावाची एक धोबीण उभी होती. न्यायाधीशांनी विचारलं, यातला कुठला वकील पाहिजे बाई? तिने सगळ्या पिवळ्या डोक्यांवरून नजर फिरवली, नाक मुरडलं, आणि म्हणाली, "तो स्वच्छ धुतलेला द्या." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे पाहिलं. मागे भिंत होती.

मी उठलो. आरोप काय? तर कालव्याकाठच्या एका दारूविक्याचं बदक चोरलं. बदक! ताई, बाकी कुठलाही आरोप असता तर ती बिचारी तीन महिने तुरुंगात गेली असती आणि मी लाजेने तिच्याबरोबर गेलो असतो. पण बदकाच्या मालकीवर माझ्याइतका अभ्यास त्या दिवशी इंग्लंडात कुणाचा नव्हता, हे मी गर्वाने सांगत नाही, माझ्याइतका वेळच कुणाला नव्हता. पाळीव बदक कुठलं, रानटी कुठलं, घरी परतायची सवय कधी सुटली असं समजायचं, सगळं मी एका दमात बोलत गेलो. न्यायाधीशांची लेखणी टेबलावर पडली. शेवटी मी म्हटलं, बदक कोर्टात आणा आणि मालकाला हाक मारू द्या. पुरावा म्हणून ते टोपलीत होतंच. मालकाने हाक मारली, शीळ घातली, गुडघे टेकून विनवण्या केल्या. बदकाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, मग दिमाखात चालत चालत सगळं कोर्ट ओलांडलं आणि माझ्या झग्याखाली जाऊन बसलं. पंचांनी जागचं न हलता मिसेस नॉब्सला सोडलं. न्यायाधीश म्हणाले, "विमबुशसाहेब, तुमची सगळी हयात तळ्याकाठी गेलेली दिसते."

ते वाक्य मला लागलं. तळ्याकाठी गेली खरी, पण तळं मी पाहिलं कुठे होतं? मिसेस पॉटलला भेटायची बंदी आहे, तळ्याला भेटायची नाही, तळं हा काही अशील नव्हे. तेव्हा जुलैतल्या एका गुरुवारी तुला न कळवता मी गाडीत बसलो, एक स्टेशन आधी उतरलो, आणि नकाशा हातात धरून शेतांतून चालत निघालो. चर्च उजवीकडे ठेवून दुसरी गल्ली, मोडकं फाटक, सफरचंदाचं झाड, सगळं हुबेहूब. (नकाशा काढणाऱ्याची मी मनात तारीफ केली.) फाटकातून आत शिरलो. जिथे तळं असायला हवं तिथे कोबी होता. मला वाटलं, कॅप्टनने तळं बुजवलं. माझं डोकं भणाणलं. ही तर सरळ सरळ कुरापत! एकोणीस वर्षांच्या मताला हा माणूस असं उत्तर देतो? मी घेवड्याच्या वेलाआड उभा राहून नोंद करायला वही काढली, आणि स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून तुझा आवाज आला.

तू वाचत होतीस. मोठ्याने, पाद्रीबाबांपेक्षा कितीतरी चांगलं. शेजारची हॅना ग्रिग्ज वाटाणे सोलत होती. माझंच मत होतं ते, राजहंसाच्या वर्षाचं. हॅना म्हणाली, "पण टॅबी, कॅप्टनचं काय ठरलं ते सांग ना आधी." तू म्हणालीस, "थांब गं बाई, चौथा मुद्दा येऊ दे. चौथ्या मुद्द्याला थिओ नेहमी पेटतो." मग चौथा मुद्दा झाला. मी पेटलो होतो हे मला तिथे उभ्या उभ्या प्रथमच कळलं. हॅना डोळे पुसत म्हणाली की असं लिहिणाऱ्या माणसाकडे लंडनमध्ये रांगा लागत असतील. आणि तू किती सहज म्हणालीस ताई, "मोठा वकील आहे तो. त्याच्याकडे काम नसतं, ते निराळं."

मी वेलाला धरलं. वेल सुटून हातात आला, तो तसाच धरून उभा राहिलो. हॅनाने विचारलं, यंदा काय विचारायचं ठरवलंयस? तू म्हणालीस, "कॅप्टनला मारावं म्हणते. मग वारस कोण, तळ्यावर त्यांचा हक्क किती, थिओला नाताळपर्यंत पुरेल." हॅना म्हणाली, "आणि तू या गुडघ्यांनी अजून कसायाच्या पोरींना शिकवायला जाणार, हॅलोवेलकडे थिओची फी भरायला." तू म्हणालीस, "त्या पोरी भयंकर वाजवतात. पण मी मनात म्हणते, हा थिओचा चौथा मुद्दा. मग ऐकवतं." मग हॅना म्हणाली, त्याला कळलं तर? तू हसलीस. "कसं कळेल? अशिलाला भेटायची त्याला चोरी आहे. आणि कळलं तर तो लिहायचा थांबेल गं. मग मी संध्याकाळी काय वाचू?"

मी फाटकातून बाहेर आलो, एक स्टेशन मागे चालत गेलो आणि लंडनला परतलो. आता खरं सांगतो, तीन दिवस मला तुझा राग आला होता. एकोणीस वर्षं मला मूर्ख बनवलं म्हणून नाही, तेवढा मी आधीपासून होतो. राग आला तो तुझ्या गुडघ्यांचा. सहासष्टाव्या वर्षी तू चिखलातून जाऊन जी सुरावट ऐकतेस ती अजून माझ्यासाठीच. हे बहात्तर जेवणांनंतर संपलंय असं मला वाटलं होतं. चौथ्या दिवशी मी गॅडसनला सगळं सांगितलं. तो पाकिटांवर लावायची लाख तापवत होता, तापवतच राहिला. "मला दुसऱ्याच वर्षी वाटलं होतं साहेब," तो म्हणाला. "जमिनीवरून भांडण, आणि इतकी वर्षं कुणी कोर्टात गेलं नाही, कुणी वकील बदलला नाही, कुणी कुंपण तोडलं नाही. असले शेजारी इंग्लंडात आहेत कुठे?" मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, "सप्टेंबरात तुम्ही जिना चढताना शीळ घालायचात. ती बंद झाली असती."

त्या रात्री मी तुझे एकोणीस प्रश्न काढून पुन्हा वाचले. तुझी पत्रं म्हणजे हवापाणी, मांजर आणि पाद्रीबाबा. माझी पत्रं म्हणजे थापा. आणि इकडे मिसेस पॉटलच्या नावाखाली तू मला दर वर्षी विचारत होतीस, की थिओ, यंदा तुला कशात गुंतवू, म्हणजे तुला एकटं वाटणार नाही? आणि मी मन लावून, पानंच्या पानं, उत्तर देत होतो. आपल्या दोघांतला खरा पत्रव्यवहार तो, आणि तो मी अनोळखी बाईला लिहीत होतो. ताई, जगात एवढं प्रेम माझ्यावर कुणी करत असेल हे मला ठाऊक असतं, तर मी अठ्ठेचाळीस पानांत आवरतं घेतलं नसतं.

तर आता पुरावा संपला. मी मोठा वकील नाही, पण एका अशिलाचं काम एकोणीस वर्षं मी नीट केलं. निर्णय तुझा. फक्त एक विनंती, निर्णय काहीही होवो, कॅप्टन स्ट्रूडला मारू नकोस. मी त्याच्याविरुद्ध साडेपाचशे पानं लिहिली आहेत, पण माणूस वाईट नाही. पुरात त्याने तिची बदकं आपल्या स्वयंपाकघरात ठेवून घेतली होती, ते तूच लिहिलं होतंस.

हॅनाला माझा नमस्कार सांग. घेवड्याच्या वेलाबद्दल क्षमा असावी.

तुझा,
थिओ

ता. क. एक. बदकाच्या खटल्याबद्दल मी वर जे लिहिलं त्यात कायद्याचा भाग खरा आहे. पण घरी येऊन झगा काढला तेव्हा खिशात अर्धा लोणी-पाव निघाला, दुपारी खाऊन उरलेला. बदक त्या पावाकडे आलं होतं. मला हे आधी ठाऊक नव्हतं हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. मिसेस नॉब्सने माझा विग फुकट धुवून देण्याचा आग्रह केला, मी नको म्हटलं.

ता. क. दोन. वर मी "वकिली सोडून आलो तर" असं लिहिलंय. तो "तर" खरा नाही. गेल्या गुरुवारीच सोडली. हॅलोवेल आता सत्तरीला आले, त्यांना मृत्युपत्रं आणि खरेदीखतं लिहायला माणूस हवा आहे आणि माझं अक्षर त्यांना आवडतं. (अठ्ठेचाळीस पानांनंतरही.) पण बॅरिस्टर राहून ॲटर्नीच्या कचेरीत बसता येत नाही, नाव यादीतून काढून घ्यावं लागतं. मी ते काढून घेतलं. गॅडसन जिन्यापर्यंत पोचवायला आला आणि कुणी नसताना मोठ्याने म्हणाला, "विमबुशसाहेब मोकळे आहेत." तेव्हा आता तुझ्याकडून ते वाक्य मी आधीच काढून घेतलेलं आहे, ताई. परवानगी नंतर मागतोय. रागावलीस तर ते बरोबरच आहे.

ता. क. तीन. यादीतून नाव गेल्यामुळे एक फरक पडला. अशिलाला परस्पर भेटायची मला आता बंदी नाही.

ता. क. चार. हे पत्र टेंपलहून, म्हणजे माझ्या चेंबरमधून, लिहिलेलं नाही. टेंपलचे छापील कागद उरले होते म्हणून वापरले. मी तुझ्या घरासमोरच्या खानावळीत वरच्या मजल्यावर सकाळपासून बसलो आहे, खाली माझी ट्रंक आहे, आणि पत्र मालकीणबाई हातोहात आणून देणार आहेत. तू मघाशी पायरी झाडायला बाहेर आलीस आणि या खिडकीकडे पाहिलंस, तेव्हा मी टेबलाखाली वाकलो. शेवटची पाचसहा वाक्यं तिथूनच लिहिली आहेत, म्हणून अक्षर असं आलंय. उत्तर लिहायचे कष्ट घेऊ नकोस. मिसेस पॉटलना मला भेटायचं असेल तर त्यांनी दार फक्त उघडं ठेवावं. मी येतो.